पळवणकर बाळू

पळवणकर बाळू (१९ मार्च १८७६, धारवाड – ४ जुलै १९५५, मुंबई) हे भारतीय क्रिकेटपटू आणि दलित समाजातील राजकीय कार्यकर्ते होते. डावखुरे मंदगती फिरकी गोलंदाज म्हणून त्यांनी पुणे आणि मुंबई येथील हिंदू संघांकडून सुमारे पंचवीस वर्षे क्रिकेट खेळले. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या पहिल्या अखिल भारतीय संघाचे ते सर्वांत यशस्वी गोलंदाज होते. तत्कालीन समाजव्यवस्थेने अस्पृश्य ठरवलेल्या चर्मकार समाजातून येऊन सर्वोच्च दर्जाचे क्रिकेट खेळणारे ते पहिले नामवंत भारतीय खेळाडू मानले जातात. क्रीडाइतिहासकार रामचंद्र गुहा यांनी त्यांची गणना पहिल्या थोर भारतीय क्रिकेटपटूंमध्ये केली आहे.

बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे चारही पळवणकर बंधू हिंदू संघाकडून खेळले. बाळू यांना हिंदू संघाचे कर्णधारपद कधीही मिळाले नाही. धाकटे बंधू विठ्ठल यांना ते १९२३ मध्ये मिळाले.

== नाव ==

पळवणकर हे आडनाव कुटुंबाच्या कोकणातील मूळ गावावरून, पळवणवरून, आले आहे. धावफलकांत आणि इंग्रजी वृत्तपत्रांत मात्र चौघा भावांची नोंद पी. बाळू, पी. शिवराम, पी. गणपत व पी. विठ्ठल अशी होत असे. म्हणजे आडनावाचे आद्याक्षर पुढे आणि व्यक्तिनाम आडनावाच्या जागी. हीच रीत क्रिकेटच्या नोंदपुस्तकांत पुढेही कायम राहिली. पुणे करारावरील सहीतही ते ‘पी. बाळू’ आहेत. त्यामुळे जुन्या कागदपत्रांत ‘पळवणकर’ शोधणाऱ्याच्या हाती अनेकदा काही लागत नाही.

== बालपण व पुण्यातील नोकरी ==

बाळू यांचे वडील लष्कराच्या नोकरीत होते. बाळू यांच्या जन्मानंतर थोड्याच काळात हे कुटुंब पुण्यास आले. लष्करी छावणीच्या परिसरात वाढलेल्या बाळू व शिवराम यांनी इंग्रज अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन खेळायला सुरुवात केली. घरच्या परिस्थितीमुळे शाळा लवकर सुटली.

पुण्यातील पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात त्यांना पहिली नोकरी मिळाली. मैदान झाडणे, खेळपट्टीवर रूळ फिरवणे आणि अधूनमधून सदस्यांना सरावासाठी चेंडू टाकणे हे त्यांचे काम होते. पगार महिना तीन रुपये. सुमारे १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तेथे खेळपट्टी तयार करणे, जाळ्या उभारणे, प्रसंगी टेनिसच्या मैदानावर रेषा मारणे अशी कामे करावी लागत. पगार महिना चार रुपये झाला.

एका इंग्रज सदस्याने त्यांना जाळीत गोलंदाजी करण्यास सांगितले आणि बाळू यांच्या आयुष्याला वळण मिळाले. क्लबातील प्रमुख फलंदाज कॅप्टन जॉन ग्लेनी ग्रेग हे इंग्लंडमध्ये हॅम्पशायरकडून खेळत. ‘जॉन ग्लेनी’चा अपभ्रंश होऊन त्यांना ‘जंगली’ हे टोपणनाव पडले होते. उत्तरायुष्यात ते कॅथलिक धर्मगुरू झाले. इतर सदस्य येण्याआधी ग्रेग मैदानावर येत आणि बाळू यांच्या गोलंदाजीवर सराव करत. आपल्याला बाद केल्याबद्दल ते प्रत्येक वेळी आठ आणे देत, असे सांगितले जाते. चार रुपये पगाराच्या माणसाच्या दृष्टीने महिन्यात आठ वेळा ग्रेग यांना बाद करणे म्हणजे पगार दुप्पट होणे होते.

या सरावातून बाळू यांच्या गोलंदाजीला धार आली. चेंडू दोन्ही बाजूंना वळवणे, उंचीत आणि वेगात फसवा बदल करणे, तासन्‌तास अचूक टप्पा राखणे ही त्यांची वैशिष्ट्ये होती. पुढे त्यांची तुलना इंग्लंडचे डावखुरे गोलंदाज विल्फ्रेड ऱ्होड्स यांच्याशी होऊ लागली. फलंदाजीचा सराव मात्र त्यांना या क्लबात कधी करू दिला गेला नाही. त्या काळच्या वसाहतवादी क्रिकेटमध्ये फलंदाजी साहेबांची आणि घाम गाळून चेंडू टाकणे नोकराचे, अशी वाटणी होती. बाळू यांच्या प्रथम श्रेणीतील फलंदाजीची सरासरी चौदाच्या आत राहिली, ती पाहताना ही गोष्ट ध्यानात घ्यावी लागते.

== पुण्याचा हिंदू संघ ==

पूना क्लबातील या गोलंदाजाची कीर्ती शहरात पोहोचली, तेव्हा पुण्यातील हिंदू क्रिकेटपटूंपुढे पेच उभा राहिला. त्यांना युरोपियनांना हरवायचे होते आणि त्यासाठी लागणारा गोलंदाज अस्पृश्य होता. ब्राह्मण खेळाडूंत मतभेद झाले. बाळू यांना संघात घ्यावे असा आग्रह धरणारेही होते आणि विरोध करणारेही. अखेर त्यांना घेण्यात आले.

मैदानावर सर्वजण एकाच चेंडूला हात लावत. मैदानाबाहेर नियम वेगळे होते. चहापानाच्या वेळी इतर खेळाडू पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपांतून चहा घेत. बाळू यांना तो बाहेर, वापरून फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात दिला जाई. जेवणासाठी त्यांचे ताट आणि बसण्याची जागा वेगळी होती. हातपाय धुवायचे असल्यास अस्पृश्य नोकर एका कोपऱ्यात पाणी घालत असे.

याच काळात पुण्याच्या संघाने साताऱ्यातील युरोपियनांच्या जिमखान्याला त्यांच्याच मैदानावर हरवले. बाळू यांची फिरकी चालू नये म्हणून यजमानांनी खेळपट्टीवर अनेक दिवस रूळ फिरवून ती कठीण केली होती. तरीही बाळू यांनी सात बळी घेतले. या विजयानंतर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी बाळू यांचे जाहीर कौतुक केले. जे त्यांच्याबरोबर खेळतात त्यांनी त्यांच्याबरोबर खाण्यापिण्यासही तयार असले पाहिजे, अशा आशयाचे त्यांचे मत गुहा यांनी नोंदवले आहे. सामाजिक सुधारणेच्या वादाने पुणे ढवळून निघालेल्या काळातील हे मत आहे. पंचहौद मिशनमधील चहाचे ‘ग्रामण्य’ जेमतेम काही वर्षांपूर्वीचे होते, आणि रानडे स्वतः त्यात गोवले गेले होते.

== मुंबई ==

१८९६ मध्ये मुंबई इलाख्यात प्लेगची साथ सुरू झाली. त्या सुमारास बाळू पुणे सोडून मुंबईस गेले. काही काळ ते ११२ व्या पायदळ पलटणीच्या संघाकडून खेळले. पुढे बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत त्यांना नोकरी मिळाली व ते रेल्वेच्या संघाकडून खेळू लागले.

मुंबईत क्रिकेटची रचना धर्मावर उभी होती. समुद्रकिनाऱ्यालगतच्या भराव घातलेल्या जमिनीवर पारशी, हिंदू आणि मुसलमान यांचे स्वतंत्र जिमखाने उभे राहिले होते. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात बाळू यांना प्रवेश देण्यास काही सदस्यांचा विरोध होता. तो मागे पडला आणि बाळू व त्यांच्यामागून शिवराम जिमखान्याचे खेळाडू झाले. त्यांना जिमखान्याच्या उपाहारगृहात इतरांबरोबर बसण्याचीही मुभा मिळाली.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू आणि युरोपियन यांच्यात महत्त्वाचा सामना झाला. हिंदू संघाने २४२ आणि १६० धावा केल्या; युरोपियन संघाचे डाव १९१ आणि १०२ धावांत संपले. १०९ धावांच्या या विजयात बाळू यांचे आठ बळी होते. शिवरामही संघात होते. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या साप्ताहिकाने या विजयाइतकेच महत्त्व दोन चर्मकार बंधूंच्या समावेशाला दिले. पुण्यात बाहेर बसून चहा घेणाऱ्या खेळाडूला मुंबईत पंगतीत जागा मिळाली, याकडे त्याने लक्ष वेधले. पुढच्या वर्षीही हिंदू संघाने युरोपियनांना २३८ धावांनी हरवले.

१९०७ मध्ये युरोपियन, पारशी आणि हिंदू यांची तिरंगी स्पर्धा सुरू झाली. १९१२ मध्ये मुसलमानांचा संघ आल्यावर ती चौरंगी झाली. धर्मवार संघरचनेवर पुढे राष्ट्रीय चळवळीतून बरीच टीका झाली आणि ती योग्यच होती. तथापि याच रचनेने एक प्रश्न टाळणे अशक्य केले: अस्पृश्य हा हिंदू असेल तर हिंदूंच्या संघात त्याचे स्थान कोणते? चहाच्या मेजापासून कर्णधारपदापर्यंत बाळू यांच्या कारकिर्दीत हाच प्रश्न पुनःपुन्हा उपस्थित झाला.

== इंग्लंड दौरा, १९११ ==

पतियाळाचे महाराजा भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखालील अखिल भारतीय संघ १९११ च्या उन्हाळ्यात इंग्लंडला गेला. संघात पारशी, हिंदू आणि मुसलमान खेळाडू होते. बाळू व शिवराम दोघेही निवडले गेले होते. हे वर्ष पंचम जॉर्ज यांच्या राज्याभिषेकाचे होते. महाराजांचा बराचसा वेळ दरबारी समारंभांत गेला आणि संघाला त्यांच्याविनाच बहुतेक सामने खेळावे लागले.

सुरुवातीला पराभवामागून पराभव झाले. दौऱ्यातील १४ प्रथम श्रेणी सामन्यांपैकी दोनच जिंकता आले, दहा गमावले. जिंकलेल्या दोन्ही सामन्यांवर पळवणकर बंधूंची छाप होती. लीस्टरशायरविरुद्ध बाळू यांनी ११ बळी घेतले. सॉमरसेटविरुद्ध चौथ्या डावात शिवराम यांनी नाबाद ११३ धावा केल्या, बाळू यांनी अर्धशतक काढून त्यांना साथ दिली आणि संघ एका गड्याने जिंकला. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत आठ बळी ही बाळू यांची प्रथम श्रेणीतील सर्वोत्तम कामगिरी ठरली.

सर्व सामने मिळून त्यांनी या दौऱ्यात ११४ बळी घेतले. त्यांपैकी ७५ प्रथम श्रेणी सामन्यांत, २०.१२ च्या सरासरीने होते. त्या वेळी ते पस्तिशीचे होते. आधारासाठी दुसरा तोलामोलाचा गोलंदाज नसल्याने त्यांना सतत लांबलचक गोलंदाजी करावी लागली, हेही या आकड्यांबरोबर सांगावयास हवे.

परतल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाच्या वतीने त्यांचा सत्कार झाला. त्या वेळी एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत असलेल्या भीमराव आंबेडकर यांनी या सत्काराचे मानपत्र तयार केल्याचे सांगितले जाते. त्या पिढीतील अस्पृश्य तरुणांसाठी, ज्याचे कर्तृत्व युरोपियन आणि सवर्ण दोघांनाही मान्य करावे लागले असा जिवंत माणूस म्हणजे बाळू होते.

== कर्णधारपदाचा वाद ==

१९१० नंतर बाळू हे हिंदू संघातील सर्वांत अनुभवी व सर्वांत यशस्वी खेळाडू होते. त्यांना कर्णधार करावे अशी मागणी जवळजवळ दरवर्षी होत असे आणि दरवर्षी ते पद उच्चवर्णीय खेळाडूकडे जाई. १९१३ मध्ये कर्णधार झालेल्या एम. डी. पै यांनी आपल्या सत्कारातच हा मान ज्येष्ठतेनुसार बाळू यांचा असल्याचे सांगितले. निवड समितीचे मत त्यामुळे बदलले नाही.

१९२० मध्ये हा वाद उघड झाला. चौरंगी स्पर्धेतील पहिल्या सामन्यासाठी पै उपलब्ध नव्हते. समितीने बाळू यांना संघातून वगळले आणि कर्णधारपद पुण्याचे डी. बी. देवधर यांना दिले. देवधर तरुण, सुशिक्षित आणि उत्तम फलंदाज होते. पण शिवराम आणि विठ्ठल यांचा अनुभव त्यांच्यापेक्षा अधिक होता. दोघा बंधूंनी हा जातीच्या आधारावर केलेला अन्याय असल्याचे जाहीर करून संघातून माघार घेतली. वृत्तपत्रांतून चर्चा झाली आणि लोकमत पळवणकरांच्या बाजूला झुकले. पुढील सामन्यासाठी पै परतले, दोघे बंधू पुन्हा संघात आले आणि बाळू यांना उपकर्णधार म्हणून घेण्यात आले. सामन्यात काही काळ पै मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ संघाची सूत्रे बाळू यांच्या हाती राहिली. हिंदू संघाचे नेतृत्व त्यांच्या वाट्याला आले ते इतकेच. या मोसमाबरोबर त्यांची प्रथम श्रेणी कारकीर्द संपली.

तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल यांची कर्णधारपदी निवड झाली. अस्पृश्यता निवारण हा विषय तोपर्यंत काँग्रेसच्या कार्यक्रमात आला होता आणि निवड समितीला पूर्वीइतके निर्धास्त राहणे शक्य नव्हते. विठ्ठल यांच्या संघाने अंतिम सामन्यात युरोपियनांना नमवले; प्रेक्षकांनी त्यांना खांद्यावर उचलून घेतले. त्यांच्या नेतृत्वाखालील चार मोसमांत हिंदू संघाने तीन वेळा चौरंगी स्पर्धा जिंकली. विठ्ठल यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेले ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र पळवणकर कुटुंबाविषयीचे महत्त्वाचे मराठी साधन आहे.

== आकडेवारी ==

१९०५–०६ ते १९२०–२१ या काळात बाळू यांनी ३३ प्रथम श्रेणी सामने खेळून १५.२१ च्या सरासरीने १७९ बळी घेतले. डावात पाच किंवा अधिक बळी त्यांनी १७ वेळा घेतले. फलंदाजीत १३.६९ च्या सरासरीने ७५३ धावा त्यांच्या नावावर आहेत. हे आकडे कारकिर्दीचा केवळ उत्तरार्ध दाखवतात. पुण्यातील सामन्यांना प्रथम श्रेणीचा दर्जा नव्हता आणि पहिला प्रथम श्रेणी सामना खेळताना बाळू तिशीला पोहोचले होते. भारताने पहिला कसोटी सामना १९३२ मध्ये खेळला. तोपर्यंत त्यांना निवृत्त होऊन दशक उलटले होते.

== राजकारण ==

क्रिकेटमधील कीर्तीमुळे बाळू अस्पृश्य समाजाचे एक प्रतिनिधी म्हणून ओळखले जाऊ लागले. डॉ. आंबेडकर यांना त्यांच्याविषयी आदर होता आणि सुरुवातीच्या काळात दोघांचे संबंध सलोख्याचे होते. १९३० नंतर मार्ग वेगळे झाले.

मतभेद मूलभूत होते. आंबेडकरांनी अस्पृश्यांसाठी स्वतंत्र मतदारसंघांची मागणी केली. बाळू यांनी मद्रासचे नेते एम. सी. राजा यांच्याबरोबर संयुक्त मतदारसंघ आणि राखीव जागांचा पुरस्कार केला. ऑगस्ट १९३२ मध्ये जाहीर झालेल्या जातीय निवाड्याने स्वतंत्र मतदारसंघ मान्य केले, त्याविरुद्ध गांधीजींनी येरवडा तुरुंगात उपोषण आरंभले आणि २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. प्रांतिक विधिमंडळांत १४८ राखीव जागा देणाऱ्या या करारावर सही करणाऱ्यांत बाळू होते. ज्या शहरात त्यांनी महिना चार रुपयांवर खेळपट्टी तयार केली होती, त्याच शहरात ही सही झाली.

त्यांची भूमिका सवर्णांच्या सोयीची होती, अशी टीका तेव्हाही झाली. मात्र ज्या माणसाने आयुष्यभर हिंदू संघातच आपली जागा मिळवली आणि त्याच संघात वरचा मान मागितला, त्याला हिंदू समाजापासून वेगळे होण्याचा मार्ग परका वाटणे समजण्यासारखे आहे. उलटपक्षी, याच कारकिर्दीत नाकारले गेलेले कर्णधारपद हा आंबेडकरांच्या बाजूचाही पुरावा ठरू शकतो. ऑक्टोबर १९३५ मध्ये येवला येथे आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली, तिलाही बाळू यांनी विरोध केला.

१९३३ मध्ये बाळू यांनी हिंदू महासभेतर्फे मुंबई महापालिकेची निवडणूक लढवली आणि ते हरले. १९३७ च्या मुंबई विधानसभा निवडणुकीत मुंबई शहरातील राखीव जागेसाठी काँग्रेसने त्यांना स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते डॉ. आंबेडकर यांच्याविरुद्ध उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळू यांना ११,२२५ मते मिळाली. लढत एकतर्फी झाली नाही. त्यानंतर बाळू सक्रिय राजकारणातून दूर झाले.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

== विस्मरण व पुनर्शोध ==

निधनानंतर जवळपास अर्धशतक बाळू यांचे नाव क्रिकेटच्या लेखनात क्वचितच आढळते. रणजितसिंहजी, दुलीपसिंहजी आणि देवधर यांच्या नावाने राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या. बाळू यांच्या नावाने तशी स्पर्धा नाही. दलित चळवळीच्या इतिहासातही, बहुधा १९३७ च्या निवडणुकीमुळे, त्यांना फारसे स्थान मिळाले नाही. असे दुहेरी विस्मरण त्यांच्या वाट्याला आले.

इंग्लंडमधील आर्थर व्हार्टन यांचे उदाहरण काहीसे जवळचे आहे. आजच्या घानातील अक्रा येथे १८६५ मध्ये जन्मलेले व्हार्टन हे पहिले कृष्णवर्णीय व्यावसायिक फुटबॉलपटू मानले जातात. रॉदरहॅम टाउन आणि शेफील्ड युनायटेड यांसारख्या संघांचे गोलरक्षक असलेल्या व्हार्टन यांचा १९३० मध्ये दारिद्र्यात मृत्यू झाला आणि त्यांच्या थडग्यावर नावाचा दगड बसला तो १९९७ मध्ये.

बाळू यांच्याविषयीची आस्था रामचंद्र गुहा यांच्या ‘अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड’ (२००२) या ग्रंथाने जागी झाली. या ग्रंथाचा मोठा भाग पळवणकर बंधूंवर आहे. प्रशांत किदंबी यांच्या ‘क्रिकेट कंट्री’ (२०१९) या ग्रंथात १९११ च्या दौऱ्याचा तपशीलवार वृत्तान्त आला. ‘लगान’ (२००१) या हिंदी चित्रपटातील ‘कचरा’ या अस्पृश्य फिरकी गोलंदाजाच्या पात्राचा संबंध अनेकदा बाळू यांच्याशी जोडला जातो. कचऱ्याची फिरकी मात्र चित्रपटात त्याच्या अधू हातामुळे योगायोगाने साधते. बाळू यांची फिरकी पूना क्लबाच्या जाळीत वर्षानुवर्षे केलेल्या सरावातून आली होती.